भित्रोबाची भीती

मित्रांनो, मी एक जुना भित्रा आहे. हसू नका, भिणं हेच माझं काम होतं. तेलाच्या कारखान्यातल्या बंद टाक्या धुवायच्या आधी आत जाऊन हवा तपासणारं मी सहा चाकांचं यंत्र.

मला घडवणाऱ्या इंजिनिअर ताईंनी माझ्यात मुद्दाम भीती घातली. विषारी वायू वाढला की मी थरथरायचो आणि कुणाचंही न ऐकता बाहेर पळायचो. ताई म्हणायच्या, "वायूचा आकडा वाचावा लागतो. घाबरलेला जीव लांबूनही कळतो."

कामगारांनी मला भित्रोबा म्हणायला सुरुवात केली. त्यांच्यातला सगळ्यांत उंच, शिडी नावाने ओळखला जाणारा, पाठीवर थाप मारायचा. "माझ्या बायकोपेक्षा तूच जास्त काळजी करतोस रे!" मी पळालो की तो थांबायचा, मी शांत दिसलो की उतरायचा. चार वर्षांत एकालाही इजा झाली नाही. त्याबद्दल मिळालेली बक्षिसाची ढाल मॅनेजरांच्या कपाटात लागली.

पुढे तेच मॅनेजर कुरकुरू लागले. "ताई, याच्या नाटकांपायी काम अडतंय. भीती काढा."

"नाटक नाही ते, साहेब."

"मग दुसरं कुणी काढेल."

ताईंनी स्वतःच्या हातांनी माझी भीती काढली. "आकडा ऑफिसात दिसतोच की," असं पुटपुटत. कामगारांना मात्र कुणीच काही सांगितलं नाही.

आठवड्याने मी एका टाकीत उतरलो. वायू वाढलेला होता. मी आकडा इमानाने ऑफिसात पाठवला. ऑफिस जेवायला गेलं होतं. मी स्वस्थ उभा राहिलो.

वरून शिडीने डोकावलं. "भित्रोबा शांत आहे. चला!"

तो माझ्या शेजारीच कोसळला. मला काहीही वाटलं नाही.

दोराने ओढून काढला म्हणून वाचला, पण आता चार पायऱ्या चढला तरी त्याला धाप लागते.

चौकशीसाठी ताईंनी माझी भीती परत बसवली आणि ती दुपार मला एकदम जाणवली. मी कोरड्या फरशीवर थरथरत राहिलो. अहवालात लिहिलं गेलं, 'यंत्र सदोष'. खाली ताईंची सही होती.

अडगळीच्या खोलीत मला भेटायला एकटा शिडी आला. माझ्या शेजारी बसला. मग म्हणाला, "तू तरी सांगायचंस रे."

मित्रांनो, मोठेपणी तुम्ही यंत्रं घडवाल. त्यांच्यात भीती घाला किंवा घालू नका. पण घातलेली काढलीत, तर त्यांच्या भरवशावर पाऊल टाकणाऱ्याला आधी जाऊन सांगा. तेव्हा मला तोंड नव्हतं. ताईंना होतं.