बाटलीतलं नाव

पलटणीत माझं अक्षर सगळ्यांत चांगलं, म्हणून मेलेल्यांची नावं लिहायचं काम माझ्याकडे आलं. सीमेपलीकडे कंबोडियाच्या जंगलात आम्ही पाच वर्षं होतो. कुणी पडलं की बोटभर कागदावर नाव आणि गाव लिहायचं, कागद गुंडाळून पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटलीत घालायचा, रबरी बूच दाबायचं आणि ती बाटली प्रेताच्या छातीशी ठेवून माती लोटायची. लाकडी पाटीला वाळवी खाते, काचेला खात नाही. पुढे कधी उकरलं तर घरच्यांना आपला माणूस ओळखता यावा, एवढाच हेतू. अशा एकतीस बाटल्या मी भरल्या. त्यातल्या एकोणतीस बरोबर होत्या.

सैन्यातून सुटलो तेव्हा मला दोनच कामं येत होती, लिहिणं आणि ट्रक हाकणं. लिहिण्याचा वीट आला होता. तेव्हापासून मी आणि विन्ह एकाच ट्रकवर आहोत. विन्ह आमच्याच पलटणीतला. दक्षिणेकडून फळं भरायची, तीन दिवसांत उत्तरेला टाकायची. एक हाकतो, एक झोपतो. झोपेत तो अजून कधीकधी ‘आडवे व्हा!’ म्हणून ओरडतो, आणि मी स्टिअरिंगवर खरंच वाकतो. माझं सगळं त्याला ठाऊक आहे. ती दोन बाटल्यांची गोष्ट सोडून.

यंदा टेटचा, आमच्या नव्या वर्षाचा सण झाल्यावर येन आली. आमच्या पलटणीतल्या हुआनची धाकटी बहीण. हुआन गेला तेव्हा ती शाळेत होती, आता तिच्याच केसांत पांढरं दिसत होतं. आई ब्याऐंशीची झाली, म्हणाली. डोळे मिटायच्या आत मुलगा गावच्या मातीत हवा, एवढंच तिचं मागणं. हुआनची कबर दक्षिणेत, सीमेलगतच्या ताय निन्हच्या सैनिकी स्मशानात, घर पार उत्तरेला नाम दिन्हमध्ये. अस्थी बरोबर आहेत म्हटल्यावर बसवाले पायरीवरही उभं करत नाहीत.

“दादाला त्याच्या सोबत्यांच्याच गाडीतून नेते,” येन म्हणाली. “परक्याच्या गाडीत तो बुजेल.”

विन्हने लगेच हो म्हटलं. “ट्रकच्या मालकाला सांगू एक प्रवासी वाढलाय. खात नाही, भांडत नाही, दर तासाला गाडी थांबवा म्हणत नाही. तुझ्यापेक्षा बरा, ख्वात!”

मी हसलो.

कबर उकरली. हाडांबरोबर बाटली निघाली, आत माझं अक्षर जसंच्या तसं. येनने ती कपाळाला लावली आणि माझा हात धरून रडायला लागली. “ख्वातदादा, तुमच्यामुळे सापडला हो. तुमचे उपकार कसे फेडू?”

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी नुसती मान हलवली. भ्याडच मी.

झालं होतं ते असं. हुआन आणि थान्ह होआचा तिएप, दोघे एकाच तोफगोळ्यात गेले. दोघांना प्लास्टिकमध्ये गुंडाळून शेजारी ठेवलं होतं, डावीकडे हुआन, उजवीकडे तिएप. दोन्ही बाटल्या माझ्या हातात. तेवढ्यात पुन्हा मारा सुरू झाला. मी खंदकात उडी घेतली, बाटल्या चिखलात पडल्या. उचलल्या तेव्हा कोणती कुणाची ते कळेना, दोन्ही सारख्याच मळलेल्या. बूच काढून वाचायला किती वेळ लागला असता? अर्धं मिनिट. पण हवालदार ओरडत होता आणि मला त्या खड्ड्यापासून पळायचं होतं. मी एक इकडे ठेवली, एक तिकडे. नंतर तुकडीने सगळ्या अस्थी ताय निन्हला आणल्या बाटलीतले कागद वाचून दगडांवर नावं कोरली आणि बाटल्या पुन्हा अस्थींबरोबर पुरल्या. सहा वर्षांपूर्वी तिएपच्या घरचे त्यांचा दगड वाचून त्यांच्या अस्थी घेऊन गेले.

अस्थींची मातीची पेटी लाल कापडात बांधून आम्ही केबिनमध्ये मागच्या झोपायच्या फळीवर ठेवली. आता वाटेत एक काम असतं. मेलेल्या माणसाला पाणी ओलांडता येत नाही, त्याचा जीव अलीकडेच घुटमळत राहतो. म्हणून प्रत्येक पुलावर एक नोट पाण्यात सोडायची आणि नाव घेऊन हाक मारायची. बरोबर लढलेला कुणी असेल तर मान त्याचा. येन म्हणाली, “ख्वातदादा, तुम्हीच मारा हाक. तुमचा आवाज तो ओळखेल.”

“हुआन, पूल आला रे! ये आमच्याबरोबर!”

दक्षिण ते उत्तर किती पूल आहेत ते मला या खेपेला कळलं. दर पुलाला मी हाक मारत होतो आणि मनात येत होतं, आत तिएप असेल तर? आपल्याला कुणी बोलावत नाही म्हणून तो पहिल्याच नदीच्या अलीकडे उभा राहिला असेल.

क्वांग न्गाईला जेवायला थांबलो. हुआनसाठी चौथा वाडगा मांडला, त्यावर जेवायच्या काड्या ठेवल्या. मी सवयीने एक सिगारेट पेटवून वाडग्याच्या कडेला टेकवली.

“दादा सिगारेट ओढायला लागला होता?” येनने विचारलं. “त्याला तर वासानेही खोकला यायचा.”

“हुआन नाही, तिएप ओढायचा,” विन्ह म्हणाला. “ख्वात, म्हातारा झालास तू. भुतांची पण अदलाबदल करायला लागलास!”

तो खो खो हसला. मी सिगारेट उचलून विझवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी थान्ह होआ आलं. पुढे मा नदीचा पूल. तिएपची नदी. पहाऱ्यावर असताना तो हिच्यातल्या माशांच्या बाता मारायचा; त्याच्या बातांत मासे वर्षागणिक वाढत होते. येनने नोट काढून हातात धरली. “ख्वातदादा, पूल.”

मी तोंड उघडलं, पण ‘हुआन’ काही निघेना. मी ट्रक कडेला घेतला, इंजिन बंद केलं आणि समोरच्या काचेकडे बघत सगळं सांगून टाकलं.

मग विन्ह म्हणाला, “अठ्ठावीस वर्षं माझ्या शेजारी बसून भात गिळतोस, आणि हे आज सांगतोस?” पुढे त्याने दिलेली शिवी मी लिहीत नाही. ती योग्यच होती.

येन रडली नाही. तिने नोट दुमडली, पुन्हा उलगडली. “दोघांची नावं घ्या,” ती म्हणाली. “आणि आईला तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही.”

पुलावर मी दोघांना हाक मारली.

बाहेर मेलेल्या माणसाला घरात घेत नाहीत. म्हणून हुआनची आई गावच्या स्मशानातच येऊन बसली होती. खड्डा खणून तयार होता, दगडावर नाव कोरून झालं होतं. मी तिच्यापुढे गुडघे टेकले. “आई, माझ्या हातून चूक झाली.” ती ऐकत राहिली. माझं बोलून झाल्यावर तिने माझ्या थोबाडीत मारली. ब्याऐंशीचा हात, पण लागला.

“पेटी उघड,” ती येनला म्हणाली.

तिला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. तिने हाडं चाचपली आणि डाव्या पायाची नळी उचलून मांडीवर घेतली. अंगठा वरून खालपर्यंत फिरवला, पुन्हा फिरवला. “सुपारीच्या झाडावरून पडला होता तो,” ती म्हणाली. “वैद्याने पाय वाकडा बसवला. इथे गाठ होती. मी दोन वर्षं तेल चोळलंय त्या गाठीला.”

मांडीवरचं हाड सरळ होतं.

माझा हुंदका बाहेर पडला. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“त्या दुसऱ्याची आई आहे?”

“आहे. घरामागेच कबर केलीय. रोज तिथे जाऊन बसते म्हणतात.”

“तिला सांगितलंस?”

“नाही. उद्याच जातो. अदलाबदल करता येईल, आई. माझ्याकडे ट्रक आहे...”

“गप्प बस!” ती ओरडली. “सहा वर्षं जिला झोप लागतेय तिला उठवतोस? पुन्हा उकरायला लावतोस? तुला एकदा उकरताना बघून पुरलं नाही?”

तिने हाड जागेवर ठेवलं, लाल कापडाची घडी नीट केली आणि पेटीवर हात ठेवून हळूच विचारलं, “नाव काय म्हणालास याचं?”

“तिएप.”

“तिएप बाळा,” ती पेटीशी बोलली, “लोक तुला हुआन म्हणतील. तू मनाला लावून घेऊ नकोस.” मग ती रडली. मुलगा मेल्याची बातमी कालच आल्यासारखी रडली, आणि येन तिला धरून बसली.

निघताना तिने मला जवळ बोलावलं. थोबाडीत मारल्याबद्दल काही म्हणाली नाही. “परत जाताना त्या बाईकडे थांब. माझ्या पोराला एक उदबत्ती लाव. त्याला त्याच्या नावाने हाक मार. अठ्ठावीस वर्षांत त्याला कुणी हाक मारली नाहीये.”

दुसऱ्या दिवशी थान्ह होआला थांबलो. विन्ह ट्रकमध्येच बसून राहिला, मला बघवणार नाही म्हणाला. तिएपची आई कबरीशेजारीच होती, गवत उपटत. मुलाचा सोबती आला म्हटल्यावर तिला काय करू आणि काय नको झालं. चहा आणला, चांगला पाट पुसून दिला. कबर आरशासारखी लख्ख, ताजी फुलं, तिएपच्या आवडीची सिगारेटही पेटवून ठेवलेली. हुआनला खोकला येत असेल, असं माझ्या मनात आलं.

मी तीन उदबत्त्या लावल्या, दगडाजवळ वाकलो आणि ओठांतल्या ओठांत म्हणालो, “हुआन. आईने पाठवलंय रे.”

“काय पुटपुटतोस, बाळा?” तिएपची आई मागून म्हणाली. “इतक्या लांबून आलास, चांगली मोठ्याने हाक मार. सोबती आल्याचं माझ्या पोराला कळू दे.”

ती हात पुसत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत. मी सरळ उभा राहिलो आणि मोठ्याने हाक मारली, “तिएप!”