सव्वापाच तासांची पाटी

साहेब, तुम्ही भिंतीवर जाकार्ता दोन तास जवळ आणलंत आणि एका लेकीला आईचं तोंड बघता आलं नाही.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. देशाच्या पार पूर्व टोकाला, जयापुरातल्या एका विमान-तिकीट कचेरीत तिथल्या यान्सेकाकांनी गालात सुपारी धरून, मासळीच्या खोक्याच्या फळीवर मला रंगवलं : ‘जाकार्ता. पावणेचार हजार किलोमीटर. उडायला सव्वापाच तास.’ बावीस वर्षं मी भिंतीवर होते. लोक मला वाचायचे आणि भाताची एक पुडी जास्त बांधून घ्यायचे.

मग राजधानीहून साहेब आले. एवढं लांब वाचून प्रवासी बिचकतात, म्हणाले. आमचं घड्याळ जाकार्ताच्या दोन तास पुढे असतं. इथून एकला निघालेलं विमान तिथल्या सव्वाचारला उतरतं. साहेबांनी सव्वाचारातून एक वजा केला आणि चकचकीत फलक लावला : ‘फक्त सव्वातीन तास!’ मला कपाटामागे टाकलं.

यान्सेकाका म्हणाले, “साहेब, पाटी बदललीत. विमानाला सांगितलंत का?”

एका सकाळी बाजारात टेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, विकणारी मुनिरोह धावत आली. तिची आई जाकार्तात वारली होती. त्यांच्यात दफन त्याच दिवशी करतात. फलकाकडे बघत तिने भावाला, साबेनीला, फोनवर सांगितलं, “इथल्या एकचं विमान आहे, दादा. सव्वातीन तास लागतात. मी आल्याशिवाय आईला नेऊ नका.”

साबेनीने नीट हिशेब केला. तिथला एक म्हणजे आपले अकरा. अधिक सव्वातीन. म्हणजे सव्वादोनला बहीण उतरणार. त्याने असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजापर्यंत मयत थांबवली, मग इमामांना विनवून चारपर्यंत. बहिणीचा फोन बंद. विमान चुकलं असणार, असं धरून त्यांनी आईला माती दिली. मुनिरोह सव्वाचारला उतरली. फलकाने दोन तास आधीच खाल्ले होते, भावाने तेच पुन्हा वजा केले. चूक त्याची नव्हती.

आठ दिवसांनी ती परत आली आणि फलकाखाली उभी राहिली. साहेब म्हणाले, “बाई, घड्याळच बघा ना. एक ते सव्वाचार. सव्वातीनच होतात.”

“आणि तिकडून येताना सव्वासात होतात,” यान्सेकाका म्हणाले. “तेव्हा विमान काय चालत येतं?”

कोणी हसलं नाही. काकांनी मला कपाटामागून ओढलं, सदऱ्याने पुसलं आणि टेबलावर उभं केलं. मुनिरोहने ‘सव्वापाच’वर बोट ठेवलं. ते उचललं नाही. साहेब म्हणाले, ही फळी चुलीत घाला.

घाला. जळेपर्यंत मी सव्वापाचच म्हणेन.

मित्रांनो, जुनी पाटी फेकण्याआधी ती काय सांगते ते एकदा वाचत जा. आणि साहेब, लांबच्या माणसांना लांब म्हणायची एवढी कसली लाज? मुनिरोह अजून तुमच्यासमोर उभी आहे. तिच्या तोंडाकडे बघून सांगा : जाकार्ता किती तास लांब आहे?