हरणाच्या हॉटेलाचं बिल

भिंतीवरच्या तसबिरीची काच उपरण्याच्या टोकानं पुसता पुसता शिवलिंगप्पा मनात हिशेब मांडत होता. आज सुपारी फुटली तर पदरात पडणार होतं ते असं : लेक इराव्वाला दुधनीच्या गुरुबसप्पाचं घर, म्हणजे दोन आडती आणि दारात दुभत्या म्हशी. जावई शिवपुत्र, एकुलता एक आणि आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. त्यात सुनेचा लाभ की सासूचा, ते पुढं बघता आलं असतं. तिसरा लाभ मात्र सगळ्यांत मोठा. गुरुबसप्पासारख्या कडक माणसानं सोयरीक केली की 'जर्मनीत काय खाऊन आलास रे?' हा भवानी पेठेनं वर्षभर चघळलेला प्रश्न कायमचा मिटणार होता.

घालायचं होतं ते त्यामानानं थोडं. साखर, पानसुपारी आणि एक साक्षीदार.

साक्षीदार आधीच येऊन खुर्चीवर बसला होता. घरात खुर्ची एकच. नंदू हरदास, गिरणीच्या रंगखात्यातला केमिस्ट, वय सव्वीस, पुण्याला शिकलेला. गेल्या साली गिरणीनं नवे रंग शिकायला दोघांना फ्रांकफुर्टला पाठवलं होतं : हरदासला डोक्यासाठी आणि शिवलिंगप्पाला हातासाठी. रंगाच्या हौदात बोट बुडवून तो आणखी किती उकळायचा ते सांगणारा माणूस गिरणीत शिवलिंगप्पाशिवाय दुसरा नव्हता.

"ती तसबीर अजून आहे?" हरदासनं खालच्या आवाजात विचारलं.

"हाय की. पेठंतलं शेंबडं पोरबी येऊन बघून जातंय."

"मी जाळून टाका म्हणालो होतो."

"चित्र बघा की साहेब. असलं चित्र जाळत्यात व्हय?"

तसबिरीत देव नव्हता, हॉटेलाचं बिल होतं. कागदाच्या माथ्यावर पाच मजली इमारतीचं सुबक चित्र, दारावर सोनेरी हरीण, खाली जर्मन भाषेतल्या ओळी आणि जांभळा शिक्का. गिरणीनं भत्ता ठोक बांधून दिला होता, त्यामुळं बिल कुणी मागितलं नाही आणि ते शिवलिंगप्पाकडंच राहिलं. समोरच्या बाजूच्या एका खिडकीवर त्यानं शाईनं फुली मारली होती : आपली खोली. खरी खोली मागच्या अंगाला होती, चौथ्या मजल्यावर, खाली लाकडाची वखार. पण चित्रात मागची बाजू नव्हती, त्याला तो काय करणार?

हॉटेल स्वस्तातलं, पण भर गावात. खाली ट्रामगाड्या, चार पावलांवर स्टेशन. दोघांत खोली एकच, बिलं मात्र वेगळी. भाड्यात माणशी मिळायचं ते एवढंच : एक पलंग, एक तस्त, गार पाण्याची सुरई आणि सकाळी पाव, लोणी, मुरंबा, कॉफी. बाकी सगळं वेगळं लागायचं. शेगडी पेटवली, बिलात लावा. ऊन पाणी मागितलं, लावा. अंडं मागितलं, लावा.

त्या अंड्यानंच घोळ केला होता.

हरदासचे वडील मंगळवेढ्याला कीर्तनं करायचे. समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त शास्त्रात आहे, ते देऊ, असं त्यांनी लेकाला निघताना सांगितलं होतं. पण अभक्ष्य खाल्लंस तर या घराचं दार तुला नाही. येताना हॉटेलाचा कागद घेऊन ये, पुण्याला जाणत्याकडून वाचून घेईन. म्हातारा बोलल्याप्रमाणं करणारा होता.

चौथ्या दिवशी सकाळी नंदू हरदास जिन्यात थांबला. नोव्हेंबरची थंडी, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. पाव-मुरंब्यावर आपण तग धरू शकत नाही, असं तो जिन्याच्या कठड्याकडं बघत म्हणाला. मग म्हणाला, अंडं तुमच्या बिलात लावलं तर? पैसे रोजच्या रोज मी देईन. तुमच्या घरी जर्मन कोण वाचतंय? आणि परत गेल्यावर रंगखात्याचा मुकादम कोण होणार, हे गिरणीचे साहेब मलाच विचारणार आहेत.

शिवलिंगप्पानं जिन्याच्या तीन पायऱ्या उतरेपर्यंत विचार केला. घर, दार, जात, गाव : कुणालाच जर्मन येत नव्हतं. तो 'बरं' म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी अंडं शिवलिंगप्पापुढं यायचं. तो डोळे मिटून गळ्यातल्या लिंगाला हात लावायचा, 'शिव शिव' म्हणायचा आणि बशी नखानं पलीकडं ढकलायचा. हॉटेलाच्या मालकीणबाईंना वाटायचं, हा माणूस धर्मात्मा आहे. मंत्र म्हणून आपला घास पोरसवदा सोबत्याला देतो. त्यांनी एक-दोनदा डोळेही पुसले.

गुरुबसप्पा आला तो ऐन दुपारी, डोक्याला जरीकाठी पटका, हातात वेताची काठी. लोडाला टेकला, गूळपाणी घेतलं, पिकापाण्याचं बोलला, भुसाराच्या भावाचं बोलला. आतल्या दाराआड शिवलिंगप्पाची बायको मायाक्का साखरेचं ताट हातात धरून उभी होती आणि तिच्या मागं इराव्वा.

"तर शिवलिंगप्पा," गुरुबसप्पा म्हणाला, "इचारू नये, पन इचारतो. माझी आई नव्वद सालाची हाय. तिनं इचारलं तर मला सांगाया लागंल."

"इचारा की."

"तितं तुमी काय खाल्लं?"

"पाव. बटाटं. दूध. लिंगाची शपथ घेऊन सांगतो. आन् हे हरदाससाहेब सोबत हुते. त्यांचं घर तुमाला ठावं हाय, मंगळवेढ्याचं. इचारा त्यास्नी."

"शिवलिंगप्पांनी अभक्ष्याला स्पर्शही केला नाही," हरदास म्हणाला. शब्दागणिक खरं होतं, म्हणून आवाजही ठाम निघाला.

गुरुबसप्पानं मान डोलावली. आयुष्यभर दुसऱ्याच्या पोत्यात बंबी खुपसून धान्य बघणारा माणूस. वरचा थर बघून भाव करणं त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं. त्याची नजर फिरत फिरत तसबिरीवर जाऊन थांबली.

"ते काय हाय?"

"हाटेल. आमी ऱ्हायलो ते."

"चित्र झ्याक हाय. आन् खाली लिवलंय काय?"

"ते... बिल हाय. भाड्याबिड्याचं."

"असं?" गुरुबसप्पा काठी टेकून उठला, तसबिरीजवळ गेला आणि अक्षर येत नसलेला माणूस जितक्या बारकाईनं कागद बघतो तितक्या बारकाईनं त्यानं तो बघितला. "साहेब, तुमाला ही भाषा येती म्हनं. वाचा की. मानसाचं तोंड सोयऱ्याला भितंय, कागद कुनाला भीत न्हाई."

हरदास उठला. उठताना खुर्ची करकरत मागं सरकली. शिवलिंगप्पा त्याच्याकडं बघत नव्हता. स्वतःच्या निळ्या पडलेल्या नखांकडं बघत होता. खरं वाचलं तर सोयरीक मोडणार. अंडी कुणाची ते सांगितलं तर मंगळवेढ्याचं दार मिटणार. आणि साक्षीला या माणसाला बोलावून आणलं होतं ते शिवलिंगप्पानंच, गूळ देऊन.

"खोलीचं भाडं," हरदासनं वाचलं. "पंचेचाळीस दिवस."

"बरं."

"नोकरांची बक्षिशी. कोळसा, बारा वेळा."

"हां. आन् ही? हितं आकडा मोठा दिसतोय." गुरुबसप्पाची काठी चौथ्या ओळीवर काचेला टकटक लागली. आकडे त्याला कुठल्याही भाषेत वाचता येत होते.

"एक्केचाळीस," हरदास म्हणाला. त्यानं रुमाल काढून मान पुसली. "ऊन पाणी. अंघोळीचं. तिकडं ते वेगळं लावतात."

"पान्याचं पैसं?"

"हो."

गुरुबसप्पा मोठ्यांदा हसला. "अरं तिच्या! पान्याचं पैसं घेत्यात! आन् तरीबी हे रोज अंगूळ करत हुते! पंचेचाळीस दिवसांत एक्केचाळीस. चार कुटं गेल्या हो, शिवलिंगप्पा?"

"पयले चार दिस... ठावं नव्हतं," शिवलिंगप्पा म्हणाला.

"आन् साहेब, तुमच्या बिलातबी ऊन पानी असंलच की?"

हरदासचं बिल मंगळवेढ्याच्या पेटीत पडलेलं होतं आणि पुण्याहून वाचून आलेलं होतं. त्यात अशी ओळ नव्हती हे गावाला माहीत होतं.

"नाही," तो म्हणाला. "मी गार पाण्यानंच करायचो."

"तरुन रगत हाय," गुरुबसप्पा कौतुकानं म्हणाला आणि परत लोडाला येऊन टेकला. "चला, सुपारी आना."

दाराआड मायाक्काच्या हातातलं ताट किंचित कललं आणि चार दाणे साखर उंबऱ्यावर सांडली. बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं तिच्या चुलीवरचं ऊन पाणी अंगावर घेतलं नव्हतं; पूजेआधी गारच पाणी, पौषातसुद्धा. आणि जर्मनीहून आल्याच्या पहिल्या रात्री त्यानं तिला अभिमानानं सांगितलं होतं की सुरईतल्या पाण्यावर बर्फाची साय धरायची, ती तांब्यानं फोडून तो अंघोळ करायचा आणि साहेब पांघरुणातून बघत कुडकुडायचा.

तिनं पदर सावरला, ताट सरळ केलं आणि ती बाहेर आली.

सुपारी फुटली. साखर वाटली. जाताना गुरुबसप्पानं तसबिरीला पुन्हा एकदा काठी लावली. "ही हितंच ठेवा बरं का. आमच्या लोकांनला दावायची हाय."

पाहुणे गेले, इराव्वा शेजारी साखर द्यायला गेली, तेव्हा मायाक्का ताटं गोळा करता करता म्हणाली,

"अवं, त्या वळीत काय लिवलंय?"

शिवलिंगप्पा उपरणं झटकत होता. "सांगितलं की साहेबानं."

"साहेबानं सांगितलं ते ऐकलं मी. तुमी सांगा."

तो बसला. मग त्यानं सगळं सांगितलं : जिना, थंडी, म्हातारा कीर्तनकार, मुकादमकीचा शब्द, नखानं ढकललेली बशी. एक अक्षर चोरलं नाही. सांगून झाल्यावर त्याला हलकं वाटलं, पण ते तेवढ्यापुरतंच.

मायाक्का ऐकून घेत होती. शेवटी तिनं ताटावरून हात फिरवला.

"म्हंजे अंडी तुमच्या नावावर, आन् खाल्ली बामनानं."

"व्हय."

"कीर्तनकाराच्या लेकानं."

"व्हय की गं!"

"बरं," ती म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, आजारी माणसाशी बोलतात तसा. "माझा भाऊबी असंच सांगायचा. दारूचा वास त्याच्या तोंडाला यायचा, पन पिली असायची नेहमी दुसऱ्यानंच."

"मायाक्का, लिंगाची शपथ..."

"शपथ नका घेऊ!" तिनं झटकन त्याच्या तोंडापुढं हात धरला. "एक झाली ती झाली. थंडी लई हुती म्हनता ना? मग मानूस काय करंल? मी काय म्हनले का तुमाला?"

"पन मी खाल्लंच न्हाई!"

"न्हाई म्हनते का मी? जावा, हातपाय धुवा."

दुसऱ्या दिवसापासून तिनं एकभुक्त धरलं. एक्केचाळीस दिवसांचं. शेजारणींना सांगितलं, लेकीचं चांगलं व्हावं म्हणून देवाला बोलले होते. सकाळी एक भाकरी खायची, रात्री तांब्याभर पाणी. तिसऱ्या रात्री शिवलिंगप्पानं ताट बाजूला सारलं.

"मीबी न्हाई जेवत."

"जेवा," ती म्हणाली. "दोघं उपाशी ऱ्हायलो तर पेठ इचारंल, काय केलंय म्हनून."

तो जेवला. समोर तसबीर होती. ती आता काढायचीही सोय नव्हती.

महिन्याभरात तो रंगखात्याचा मुकादम झाला. हरदास शब्दाचा पक्का निघाला. मंगळवेढ्याचे कीर्तनकार आपल्या कीर्तनात निष्कलंक लेकाचा दाखला देऊ लागले. दुधनीला गुरुबसप्पाच्या कानावर विहिणीच्या व्रताची गोष्ट गेली आणि त्यानं आईला सांगितलं, घर सोन्यासारखं मिळालं. म्हातारीनं एका डोळ्यातून पाणी काढलं.

तेव्हा एकंदर जमाखर्च हा असा बसला. खोलीचं भाडं गिरणीनं भरलं. अंड्यांचे पैसे नंदू हरदासनं रोजच्या रोज चुकते केले, पैसुद्धा बुडवली नाही. मुकादमकी शिवलिंगप्पाला मिळाली, नाव मंगळवेढ्याला, सून दुधनीला. आणि या सगळ्यांनी मिळून जे देणं शिल्लक ठेवलं ते मायाक्कानं फेडलं, रोज रात्रीची एक भाकरी याप्रमाणं, एक्केचाळीस रात्री. तिच्या घरातल्या कुणी कधी न खाल्लेल्या गोष्टीचं.