धुरपताची जाग

सोमाजीला झोप येत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पानठेल्यावर, तलावाच्या पाळीवर, लग्नाच्या पंगतीत जो तो विचारायचा, "काय सोमाजीभाऊ, डोळा लागला काय रात्री?" आणि जो तो उपाय सांगायचा. कोणी तळपायाला तेल चोळायला सांगे, कोणी उशाखाली विळा ठेवायला. घरातल्या कर्त्या पुरुषाचं दुखणं असलं की गावाला अशी माया सुटते. गाव गोंडपिपरी तालुक्यातलं. नाव सांगत नाही. तुमच्या गावाचं घातलं तरी गोष्टीत काही फरक पडायचा नाही.

रात्री अडीचच्या सुमाराला त्याला खाडकन जाग यायची. छाती धडधडत असायची. घशाला कोरड, बोटांना मुंग्या, तळहात ओलेचिंब आणि श्वास अर्ध्यावर अडकलेला. आपण आता मरतो, या घडीला मरतो, असं वाटायचं. ओरडायला जावं तर आवाज फुटायचा नाही. पंधरा-वीस मिनिटांनी सगळं ओसरायचं आणि नुसती भीती मागे उरायची. मग तो उशाखालची खर्ऱ्याची पुडी सोडायचा, सुपारी-तंबाखूचा तो घोटलेला चुरा धीर यावा म्हणून गालात भरायचा आणि उजाडेपर्यंत थुंकत बसायचा. दीड वर्ष हेच चाललं होतं.

गुदमरून तो अंगणात आला की समोरच्या उंबऱ्यावर त्याला वहिनी दिसायची. धुरपता. थोरल्या भावाची, नानाजीची बायको. नानाजी दीड वर्षापूर्वी तलावात गेला. पहाटेच्या आधी एकटाच जाळं उचलायला गेला आणि शिंगाड्याच्या वेलात अडकून बुडाला. तेव्हापासून ती एका खोलीत एकटी राहायची. रात्री गुडघे पोटाशी घेऊन उंबऱ्यावर बसलेली असायची. बोलायची नाही. पहिले काही दिवस सोमाजीला बरं वाटायचं, कोणीतरी जागं आहे म्हणून. पुढे त्याच्या मनात पाल चुकचुकली. आपल्याला जाग येते तेव्हा ही आधीच जागी कशी?

हा प्रश्न तिला विचारला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. त्याने तो अंकुश महाराजाला विचारला.

अंकुश महाराज तिशीचा, जीन्स घालणारा, मोटारसायकलवर फिरणारा. दर गुरुवारी त्याचा दरबार भरायचा. त्याने सोमाजीची नाडी धरली, डोळे मिटले आणि सांगितलं, "घरातलीच बाई आहे. नवरा नाई तिले. रात्री जागी राह्यते." अशा बाया कुठल्याही गावात दहा-वीस सापडतात. सोमाजीला एकच पुरेशी होती. त्याने नाव घेतलं नाही. महाराजानेही घेतलं नाही. दोन दिवसांत ते साऱ्या गावाने घेतलं.

सोमाजीने महाराजाला गावात बोलावून घेतलं आणि रविवारी भर दुपारी धुरपताला समाजमंदिराच्या ओट्यावर आणून बसवलं. तिच्या हाताला ओल्या पिठाचे गोळे तसेच चिकटलेले होते, कारण भाकरी थापता थापता तिला ओढून आणलं होतं. शे-सव्वाशे माणसं जमली. पोरांनी मोबाइल वर धरले. गावची आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका, रोशनी तेवढी पुढे आली. "हे चुकीचं आहे. हा गुन्हा आहे, तुम्ही सगळे अंदर जासान," ती म्हणाली. मागून कोणीतरी बोललं, "आशाताई, तू गोळ्या वाट." लोक हसले. दोघांनी तिला दंडाला धरून बाजूला केलं.

"रात्री काय करत राह्यतेस तू?" महाराजाने धुरपताला विचारलं.

"काई नाई करत."

"मंग बाहेर काऊन बसतेस?"

धुरपताने गर्दीकडे पाहिलं. तिला वाटलं, बरं झालं, विचारलं एकदाचं कोणीतरी. ती मनापासून सांगू लागली. "जीव घाबरते माहा. अडीच वाजता जाग येते. छाती धडधड करते. हाताले मुंग्या येतात, श्वास नाई घेता येत. आता मरतो असं वाटते. घरात राह्यवत नाई, म्हून उंबऱ्यावर येऊन बसतो मी."

 मग महाराज टाळी वाजवून म्हणाला, "आयकलं? सोमाजीभाऊले जे होते ते हिले तोंडपाठ आहे. हिनं केल्याशिवाय हिले कसं ठाऊक?"

एका आजारी बाईने आपला आजार सांगितला आणि तोच तिच्याविरुद्धचा पुरावा झाला! इतक्या माणसांत एकालाही त्यातला मूर्खपणा दिसला नाही. एकाला दिसला. सोमाजीला. वहिनी बोलत होती ते ऐकून घेतलेलं नव्हतं, सोसलेलं होतं. मुंग्या कशा येतात हे सोसल्याशिवाय कोणी असं सांगत नाही, हे त्याच्याइतकं तिथे कोणाला कळणार होतं? तोंड उघडायला त्याला एक घडी मिळाली होती. त्याने गालातला खर्रा या बाजूचा त्या बाजूला केला.

महाराजाने सांगितलं, केस कापायचे, आणि घरच्याच बाईने कापायचे. सोमाजीची बायको गिरजा पुढे झाली. तिच्या हातात जाळ्याचे दोर कापायची कात्री होती. ती बोथट होती, म्हणून केस कापले गेले त्याहून जास्त ओढले गेले. धुरपता ओरडली नाही. "गिरजा, हळू," एवढंच दोनदा म्हणाली. मग तव्याची काजळी तिच्या तोंडाला फासली आणि तिला शिवेपर्यंत चालवत नेलं. जिच्या बाळंतपणात धुरपता तीन रात्री बसून होती, त्या शेजारणीनेही एक खडा उचलून मारला. अंगावरच्या लुगड्यानिशी धुरपता गेली. दाराला कुलूप सोमाजीने लावलं.

आणि नवल बघा, सोमाजीला झोप लागली. एक रात्र, दुसरी रात्र, तिसरी रात्र. मेल्यासारखा झोपला. पानठेल्यावर महाराजाचा जयजयकार झाला. पोरांनी व्हिडिओ गावोगाव पाठवला.

चौथ्या रात्री अडीच वाजता त्याला खाडकन जाग आली.

छाती धडधडत होती. बोटं बधिर, घसा कोरडा, श्वास अर्ध्यावर. तो धडपडत अंगणात आला. समोर कुलूप. उंबऱ्यावर कोणी नाही. ज्याच्याकडे बोट दाखवावं असं त्या अख्ख्या अंगणात कोणीच उरलं नव्हतं. तो मटकन खाली बसला. मागून गिरजा आली. तिने त्याला पाणी दिलं नाही की पाठीवरून हात फिरवला नाही. त्याचा श्वास खाली बसेपर्यंत ती उभी राहिली आणि मग म्हणाली,

"आता कोणाचे केस कापू?"

सकाळी सोमाजी आपल्या पायाने रोशनीच्या दारात गेला. तिने त्याला तिथूनच हाकललं असतं तरी चाललं असतं. पण ती त्याला आरोग्य केंद्रात घेऊन गेली. डॉक्टरांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, रक्त तपासलं. हृदय ठणठणीत होतं. "हा भीतीचा झटका आहे," डॉक्टर म्हणाले. "महिनोन् महिने झोप नीट झाली नाही, मनावर ओझं असलं, की शरीर असं झोपेतून उठवतं. माणूस याने मरत नाही. पण अडीच वाजता तुम्ही जो खर्रा खाता ना, तो धडधड कमी नाही करत, वाढवतो. तो आधी बंद करा. आणि चंद्रपूरला मनाच्या डॉक्टरला दाखवा. यावर औषध आहे."

बाहेर बाकावर रोशनीने विचारलं, "झोप कधीपासून नाई?"

"नानाजी गेला तवापासून."

"त्या रात्री काय झालं होतं?"

सोमाजीने गालातला खर्रा थुंकून टाकला. मग दीड वर्षात कोणाला सांगितलं नव्हतं ते बोलला. "आमी दोघं रोज अडीचले उठून जाळं उचलाले जात होतो. त्या रात्री त्यानं दारातून दोन हाका मारल्या. मले आयकू आल्या. मी उठलो नाई. म्हटलं, जाईल एकटा. पांघरूण घेतलं अन् झोपलो."

"सोमाजीभाऊ," रोशनी म्हणाली, "तुमची झोप या गोष्टीनं उडाली. आणि ज्या बाईचा नवरा रोज अडीचले उठे, चहा पिऊन जाये, त्या बाईले अडीच वाजता जाग येते याच्यात जादू कुठी आली? मागच्या दिवाळीत ती माझ्याकडे आली होती. हेच बोलली, याच शब्दात. मी म्हटलं, कोणाले तरी संगं घेऊन चंद्रपूरले जा. तिनं तुमाले इचारलं होतं."

विचारलं होतं. सोमाजीला आठवलं. तो जाळं विणत होता आणि मान वर न करता बोलला होता, "दिवसा झोपत असान वैनी, मंग रातची कुठून येईल झोप?"

"एकच रोग, एकच अंगण," रोशनी म्हणाली. "तुमाले झाला तर रोग झाला. तिले झाला तर ती जादूटोणा करणारी झाली. तुमाले तेल-विळा सांगाले सारं गाव आलं. तिच्याकडे कात्री घेऊन गेलं. महाराज येईल न् जाईल. पण त्याले तुमी बलावलं, अन् ती बोलत होती तवा तुमी गप होते."



आठ दिवसांनी तो वैनगंगेचा पूल ओलांडून आष्टीकडे, धुरपताच्या भावाच्या गावी गेला. ती ओसरीत सुपात तांदूळ निवडत होती. पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिने त्याला बस म्हटलं नाही.

"वैनी, चुकलं माहं," तो म्हणाला. "घरी चला."

तिचे हात थांबले नाहीत. "झोप येते तुमाले आता?"

"नाई."

"मले येते इथी. भावजय बाजूले झोपते. रात्री उठली तर हात धरून बसते, काई इचारत नाई. मी नाई येत, भाऊजी."

तो परत फिरला नाही. थोड्या वेळाने तिनेच सूप खाली ठेवलं.

"त्या रात्री यायनं तुमाले दोन हाका मारल्या. मी चुलीपाशी होती, मले आयकू आल्या. तुमी उठले नाई हे मले ठाऊक होतं. कोणाले सांगतलं नाई मी. म्हटलं, दमला असन, लागली झोप. झोप लागली हा काय गुन्हा आहे?" तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "तुमाले झोप लागली तो गुन्हा नाई झाला. मले नाई लागली तो झाला."

सोमाजी ओसरीच्या मातीत बसला आणि रडला. तिने त्याला रडू दिलं. गप्प करायला ती गेली नाही.

"पोलिसात लिहून देल्लं मी," ती शेवटी म्हणाली. "जमादार गावात जाऊन आला. कोणीच काई पाह्यलं नाई म्हणते. सव्वाशे माणूस होता, कोणीच नाई पाह्यलं. घरी चला म्हणू नका मले. त्याईच्या समोर बोलान काय, ते सांगा."

बुधवारी जमादार पुन्हा आला. समाजमंदिरापुढे माणसं जमवली. ओट्याखाली धुरपता भावाबरोबर उभी होती. जमादार एकेकाला विचारत गेला. कोणी त्या दिवशी धानाच्या रोवणीला गेलेला, कोणी सासुरवाडीला, कोणी तापाने पडलेला. ज्यांनी मोबाइल वर धरले होते, त्यांचे मोबाइल बिघडले होते, आणि गावोगाव पाठवलेला व्हिडिओ कोणाकडेच उरला नव्हता. महाराज हात बांधून शांत उभा होता. त्याला गावाची खात्री होती.

सोमाजी पुढे आला. "साहेब, मी सांगतो. लिहून घ्या. पहिलं नाव माहं लिवा. याले बलावलं मी. वैनी जे बोलली ते खरं होतं, अन् मले तवाच समजलं होतं. मी गप बसलो. इथी होते त्याईचे सगळ्याईचे नावं सांगतो."

कोणीतरी ओरडलं, "सोमाजी, येडा झाला काय? तूच अंदर जाशील!"

"जातो."

तेवढ्यात बायकांमधून गिरजा उठली. ओट्यापाशी येऊन तिने कात्री जमादाराच्या कागदांवर ठेवली. "माहंही लिवा. कात्री माही होती."

महाराजासह अकरा जणांवर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. त्यात सोमाजी आणि गिरजा होतेच. धुरपताने जबानीवर अंगठा दिला, आपल्या खोलीचं कुलूप उघडून नवऱ्याचा फोटो आणि दोन लुगडी घेतली, आणि संध्याकाळच्या एसटीने परत गेली. ती त्या गावात राहायला आली नाही.

त्या रात्री सोमाजीला गाढ झोप लागली, असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. नाही लागली. खर्रा सोडून चार महिने झाले, चंद्रपूरची औषधं चालू आहेत, झटके कमी झालेत. अडीचला जाग येते तेव्हा त्याला आता ठाऊक असतं की आपण मरत नाही. पण आपण काय केलं, हेही ठाऊक असतं. त्यावर औषध नाही.

वाचकहो, तुमच्या गल्लीत, तुमच्या शेजारी एखादी बाई रात्री जागी असेल. नवरा गेलेली असेल, एकटी असेल, उंबऱ्यावर बसत असेल. तिला बघून मनात काही येण्याआधी तिच्याजवळ जा आणि विचारा, "बाई, झोप येत नाही का तुम्हाला?" दवाखाना पुढचा, कायदा त्याच्याही पुढचा. धुरपताला दीड वर्षात हा प्रश्न एकदाच विचारला गेला, तोही ओट्यावर बसवून, सव्वाशे माणसांसमोर. तरी ती बिचारी खरं उत्तर देऊन बसली.