कॉम्प्युटरनं वाचलेली रंभाबाई

रंभाबाईंनी चहाचं आधण उतरवलं आणि पदराला हात पुशीत पुन्हा एकदा नातीच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"वाच बरं अजून एकदा."

रीनाने न पाहताच म्हटलं, "रंभाबाई, राहणार सानगडी. सुनेला विष देऊन मारले."

"अवो माय! मले सून एकच. ते तं आंगणात तांदूळ निवडून राहिली."

रीना घरूनच काम करायची. कॉम्प्युटरला शिकवायचं काम. तो इंटरनेटवरचं मराठी अखंड वाचत राही आणि वाचलेलं खरं मानून लक्षात ठेवी. रीनासारख्या मुली त्यातलं थोडं तपासून बरोबर की चूक ते सांगत. सगळं तपासणं कुणालाच शक्य नव्हतं.

"पण त्याले हे सांगितलं कोणं?"

"तुह्या नाटकवाल्यायनंच. मंडळाच्या जुन्या जाहिराती कोणी कोणी टाकून ठेवल्या आहेत. रंभाबाई सुनेले विष देते, पाहायले या! जिथं-तिथं तेच. नाटक काय असते, त्याले काय ठाऊक?"

दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरे, रात्रभर नाटकं चालत, तेव्हा रंभाबाई खाष्ट सासू होऊन मंच गाजवत. त्याला जमाना लोटला. एरवी त्या पोट धरून हसल्या असत्या. पण मोहाडीच्या भूपेंद्रशी रीनाचं लग्न जवळजवळ ठरलं होतं, आणि त्याने गंमत म्हणून त्याच कॉम्प्युटरला या घराविषयी विचारलं होतं. उत्तर त्याच्या आईनेही वाचलं. आणि आज ती एकटीच येत होती.

भूपेंद्रची आई शकुनबाई आल्या, बसल्या. रंभाबाईंनी चहा पुढे केला. शकुनबाईंनी कपाला हात लावला नाही. नुसत्या रंभाबाईंच्या तोंडाकडे बघत राहिल्या. रीनाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"बाई, ते कॉम्प्युटरनं जे लिहिलं..." रंभाबाई सांगू लागल्या.

"त्याचं काय चुकलं?" शकुनबाई म्हणाल्या. "म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं. आंधळगावच्या मंडईत. मी एवढीशी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात तुम्ही माह्यासमोर भजं धरलं, तं मी बोंबलत पळाली! नाटक होतं म्हणून आई समजावून थकली. मोठी होईस्तोवर मले पटलंच नाही." त्या हसल्या. "पोराच्या फोनवर तुमचं नाव दिसलं न् घरी राहवलंच नाही. म्हटलं, जाऊन पाहून तं घ्यावं."

त्यांनी चहा बशीत ओतला आणि फुंकर घालत शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

"आता लग्नाची तारीख सांगा."

रंभाबाई खाली बसल्या. रीनाने डोळे पुसले, लॅपटॉप पुढे ओढला आणि 'चूक'वर बोट नेलं.

"थांब वं पोरी," रंभाबाई म्हणाल्या. खांद्यावरचा पदर त्यांनी नीट केला आणि ताठ बसल्या. "दोन घडी वाटू दे त्याले खरं."