मुर्दाड कागद

हौसेने पत्त्यांचे कॅट जमवणारी मंडळी मामांना ‘तराजू’ म्हणत. कुणा चित्रकाराने नवा कॅट काढला की छपाईआधी त्याचा नमुना मामांच्या टेबलावर यायचा, आणि मामांनी ‘चालेल’ म्हटल्याशिवाय कुणी शहाणा माणूस तो मागवत नसे. खेळायला नव्हे हं. ही माणसं पत्ते खेळत नाहीत. नुसते हाताळतात, उजेडात धरून बघतात आणि कपाटात ठेवतात. असतात एकेकाचे छंद.

तपासणी दोन भागांत चालायची. आधी डोळ्यांची: किनार चारही बाजूंनी सारखी आहे का, बदाम आणि चौकट यांचा लाल एकच आहे का, पत्ता उलटा फिरवला तर पाठीवरची नक्षी चुगली करते का. मग हातांची: पिसायचा, कापायचा आणि शेवटी अंगठ्याने पंखा उघडायचा. सगळे पत्ते सारख्या अंतराने उघडले तर कागद जिवंत. मधेच पाच-सहा पत्ते एकत्र गोळा झाले तर कागद मुर्दाड. नापास नमुन्याचे कोपरे मामा तिथल्या तिथे कात्रीने उडवत, म्हणजे तो मागच्या दाराने बाजारात जायला नको.

गेलं वर्षभर मामांच्या टेबलावर मुर्दाड कागदाची रांगच लागली होती. खरं तर मुर्दाड झाली होती मामांची बोटं. साखरेच्या दुखण्याने त्यांचे शेंडे बधिर झाले होते. शर्टाची बटणं मामी लावून द्यायची, तर मामा म्हणायचे, हल्ली काजंच अरुंद शिवतात. पंखा फिसकटला की म्हणायचे, हल्ली कागदात दम राहिला नाही. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. मामीने एकदा स्पष्ट सांगून पाहिलं, त्यावर दोन दिवस अबोला झाला. मग तिनेही नाद सोडला.

अशात भाचीने आपला कॅट आणला. ही मामांच्या बहिणीची मुलगी. पत्ता धरायला शिकली तीच मुळी मामांच्या टेबलाशी. दिवसा चष्म्याच्या दुकानात नोकरी आणि उरलेल्या वेळात चित्रं, असं करत तिने तीन वर्षांत हा एक कॅट काढला होता. राजे-राण्या म्हणून तिने आपल्या गल्लीतलीच माणसं घेतली होती. इस्पिकचा राजा कुलपं दुरुस्त करणारा, किल्वरचा गुलाम दुकानाच्या पायरीवर पेंगणारा हमाल. चौकटची राणी म्हणजे तिची आई, दातांत दोरा धरून बसलेली. मामांनी तो पत्ता भिंगाखाली बराच वेळ धरला. बहिणीला जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांना भाचीचा इतका अभिमान वाटला की त्यांनी भिंग पुसून तोच पत्ता पुन्हा पाहिला.

मग पंखा. तो मधेच गोळा झाला. दुसऱ्यांदा झाला, तिसऱ्यांदाही झाला. बोटांना काही कळत नव्हतं, म्हणून अंगठा गरजेपेक्षा जास्त दाबला जात होता. आणि दाबला की चांगला कागदही गोळा होतो. नवशिक्यांना ही गोष्ट मामाच बजावत. पण स्वतःच्या अंगठ्यावर शंका घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. त्यातून हा घरचा कॅट. आपल्या माणसाला सोडलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून मामांनी कात्री जरा जास्तच कडकपणे चालवली. चौकटच्या राणीचेही कोपरे गेले. ‘अडतोय,’ ते म्हणाले, ‘कोटिंग आणखी गुळगुळीत करून घे.’

भाचीने मान डोलावली आणि तसं करून घेतलं. दुसरा नमुना मामांच्या हातात लोण्यासारखा उघडला. त्यांनी ‘चालेल’ लिहिलं आणि कधी नव्हे ते खाली कौतुकाच्या दोन ओळीही घातल्या. त्यांच्या शब्दावर चारशे जणांनी कॅट मागवला.

महिन्याभरात खोकी परत यायला लागली. कॅट हातात राहतच नाही, नुसता सांडतो, अशी एकजात तक्रार होती. एकाने लिहिलं होतं, तराजूची भाची, पास होणारच. ते वाचून मामा तडक भाचीच्या खोलीवर गेले. खोक्यांमुळे खिडकी अर्धी झाकली होती. रंग, कुंचले तिने शेजारच्या शाळेला देऊन टाकले होते. आता चष्मेच विकणार, असं तिने शांतपणे सांगितलं. तिने आरडाओरडा केला असता तर मामांना बरं वाटलं असतं.

त्यांनी एक कॅट उचलून पंखा उघडला. अगदी गोल, एकसारखा. लोकांना धरता येत नाही त्याला आपण काय करणार, असं ते म्हणाले.

भाचीने तो कॅट घेतला. मामांनी शिकवला होता तसा, पाखरू धरावं तसा हलका धरला, आणि अंगठा फिरवताच पत्ते जमिनीवर पसरले. मामांनी पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तेच झालं. मग तिने कॅट त्यांच्या हातात दिला आणि ती कॅटकडे न बघता त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिली. नख दाबाने पांढरंफटक पडलं होतं. मामांनीही ते पाहिलं आणि कॅट खाली ठेवला.

‘पहिला चांगला होता,’ ते म्हणाले.

‘माहीत आहे. माझ्या हातात नीट उघडायचा.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही अडतोय म्हणालात. मला वाटलं, माझेच हात कच्चे.’

सगळ्यांना पत्र लिहितो, चूक माझी होती म्हणून कळवतो, असं मामा म्हणाले. भाचीने मान हलवली. एकदा तोंड पोळलेले लोक हा कॅट पुन्हा मागवणार नव्हते, आणि नवा काढायला ती तरी पुन्हा तीन वर्षं कुठून आणणार होती? वर्षभरात कापलेले बाकीचे नमुनेही मामांना एकेक करून आठवायला लागले. त्यांतले मुर्दाड किती होते, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

भाचीने त्यांचा उजवा हात टेबलावर उताणा ठेवला.

‘डोळे मिटा. कुठलं बोट दाबते ते सांगा.’

मामांनी डोळे मिटले. लहानपणी ती असेच काहीबाही खेळ खेळायची. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली.

‘हं, कर सुरू,’ ते म्हणाले.

तोवर त्यांची चार बोटं दाबून झाली होती.