दोन पहिल्या निवडी

गळ्याजवळचं बटण. पांढरं, चपटं, चार भोकांचं — आणि ते काजात जाता जात नव्हतं, कारण वेड हसत होता आणि हसताना त्याचा गळा हलत होता.

"हलू नकोस ना," लोर्ना म्हणाली.

बाकीची बटणंही तिनेच लावली होती. ऑक्टोबरपासून तीच लावते. आधी दोघं त्यावर थट्टा करायची, मग थट्टा संपली, आणि आता तो नुसती हनुवटी वर करतो, ती लावते, आणि त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तेवढा वेळ खाली लोंबत असतात... कुणा दुसऱ्याची असल्यासारखी.

"दोन," तो आरशाला म्हणाला. "नवी पोरं निवडायच्या दोन वर्षांच्या पहिल्या निवडी सोडल्या टोलेडोने! पस्तिशीला आलेल्या माणसासाठी! वेडे आहेत लेकाचे."

"वेडेच आहेत."

हॉटेलच्या खिडकीखाली टोलेडोची नदी, काठाला मार्चचा मळका बर्फ. दोन दिवसांपूर्वी हे शहर आपलं नव्हतं. आपण टल्साच्या स्वयंपाकघरात होतो आणि जानेवारीत तिथेच, ओट्याला टेकून, तो म्हणाला होता, "बस्स. संपलं माझं फुटबॉल." त्या रात्री ती कित्येक महिन्यांनी गाढ झोपली होती — कारण ऑक्टोबरमध्ये तो मैदानावर पालथा पडला तेव्हापासून झोप म्हणजे फक्त डोळे मिटणं उरलं होतं. अंगावर धडका मारायचा अमेरिकन फुटबॉल तो; समोरच्या आडदांड गड्याने मान दुमडेल असा मार दिला, वेड हलेना, साऱ्या स्टेडियमचा आवाज कुणी तरी गिळल्यासारखा नाहीसा झाला, आणि मग तो उठला, हात हलवला, लोक उभे राहून ओरडले. दोन बोटं त्या दिवशी बधिर झाली. लांबच्या गावातल्या एका डॉक्टरकडे ते तिचं माहेरचं नाव लावून गुपचूप गेले होते. डॉक्टर म्हणाला, "पुन्हा एकदा तसाच मार बसला, तर..." आणि त्याने वाक्य पुरं केलं नाही, चष्मा काढून पुसत बसला.

मग परवा फोन — खेळ सोडल्याचं टल्साच्या संघाला कळवायच्या आतच टोलेडोने त्याला मागून घेतलं होतं. वेड गॅरेजमधून धावत आला, आणि तो चेहरा — तो चेहरा मी ओळखते. किंवा नाही, इतका आनंद त्यावर मी कधी पाहिलाच नव्हता, तोच तर घात. तेरा वर्षांपूर्वी, संघ कॉलेजातली पोरं निवडत होते तेव्हा, त्याच्या वडिलांच्या घरी सगळे फोनभोवती बसले होते. पहिल्या दिवशी कुणी त्याचं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाहुणे एकेक करून घरी गेले, भाजलेलं मांस ताटात गार झालं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी, अगदी शेवटाकडे, उरल्यासुरल्या पोरांत टल्साने त्याला उचललं. वडील एवढंच बोलले, "चला, निदान घेतला तरी." त्या एका शब्दाखाली तो सबंध आयुष्य खेळला. निदान. आणि आता त्याच माणसासाठी एक संघ दोन वर्षं सगळ्यांत चांगली पोरं निवडायचा हक्क सोडून द्यायला तयार! त्या चेहऱ्याला काय सांगायचं होतं? ती म्हणाली होती, "छान." एवढंच. छान.

काल संघाच्या डॉक्टरांनी विचारलं, हाताला मुंग्या, बधिरपणा? वेड म्हणाला, "छे!" ती शेजारच्या खुर्चीत होती.

लिफ्टमध्ये एका म्हातारीने त्याला ओळखलं. "आमच्या संघाच्या दोन वर्षांच्या निवडी खाल्ल्यास की रे बाबा," ती त्याच्या पोटावर चापट मारत म्हणाली. "आता जिंकून दे, नाहीतर याच लिफ्टमध्ये गाठीन तुला!" वेड खळखळून हसला. लोर्नाही हसली.

पत्रकार जमले होते त्या दालनाबाहेर संघाचा व्यवस्थापक डेल हॅव्हरकँप उभा होता. हा सौदा त्याचा. थकलेला, भला माणूस. वेड आत गेल्यावर त्याने तिला बाजूला घेतलं.

"संघाचे मालक मला म्हणतात, हा सौदा फसला तर तूही घरी जा. ते जाऊ दे." त्याने आवाज खाली आणला. "तपासणीचे कागद बघून मी दमलोय, लोर्ना. घरच्या माणसाला विचारतो. कसा आहे तो?"

आता. हे एवढंच दार होतं, आणि ते उघडं होतं. मान, एवढा एकच शब्द. आणि मग टल्साचं घर, ओट्याला टेकलेला वेड, उरलेलं सगळं आयुष्य तिच्याकडे बघणारा — मारलं नाहीस तू मला, पण त्याहून वाईट केलंस, असं बघणारा.

"ठणठणीत आहे," ती म्हणाली. "काळजी करू नका."

"देव भलं करो तुझं," डेल म्हणाला, आणि त्याचे डोळे खरोखर पाणावले.

आत वेडने संघाचा नवा सदरा डोक्यावर धरला होता. कॅमेरे लखलखत होते. ती टाळ्या वाजवत होती आणि वाट बघत होती की आता ती नेहमीची भीती येईल. आली नाही. त्या जागी काही तरी सपाट, थंड होतं... सप्टेंबर, ऑक्टोबर, कधी तरी एका रविवारी तो पडेल, तो आवाज पुन्हा गिळला जाईल, आणि मग कुणीही तिला काही विचारणार नाही. होऊन जाऊ दे एकदा — हे तिच्या मनात आलं, अगदी स्वच्छ, तिच्याच आवाजात. ती दचकायला हवी होती. शेजारच्या बाईने हसून तिच्याकडे पाहिलं, आणि लोर्ना आणखी जोरात टाळ्या वाजवू लागली.